पट वाढवायला निघालेली माणसं

शाळेचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. मीटिंगला जाऊन नुसतं बसलं तरी ते पदरात पडतात, आणि मग घरी भाकऱ्या थापताना एकटीलाच हसू येतं.

आमचं गाव सीमाभागातलं, येळ्ळूरच्या पलीकडं. तिथली सरकारी मराठी शाळा सातवीपर्यंत. माझी धाकटी सहावीत गेली तेव्हा मला शाळा सुधारणा समितीत घेतलं. वरच्या वर्गांचा पट अजून घसरला, तर गणिताच्या सुतार बाईंची बदली होणार हे ठरलेलंच होतं. आणि माझ्या मुलीची अपूर्णांकांची भीती आत्ता कुठं गेली होती! म्हणून आमची मुलं जातात कुठं आणि येतात कुठून, हे बघायचा मला नादच लागला.

* * *

मे महिन्यात आम्ही हेडमास्तर मेणसे गुरुजींबरोबर घरोघरी फिरलो. एका कट्ट्यावर एक आप्पा तंबाखू मळत बसले होते.

"आप्पा, घरात शाळेची मुलं आहेत का?"

"व्हती की. दोन नातू."

"मग आता कुठल्या शाळेत घातली?"

"आता कुठली शाळा! एक पुण्यात इंजिनेर हाय, दुसरा दुबईला गेला. दोघंबी तुमच्याच शाळंत शिकली."

गुरुजी खूश झाले. म्हणाले, "बघा! आपल्या शाळेचा दर्जा!"

आप्पांनी तंबाखू तोंडात टाकली. "दर्जा लई चांगला हाय, गुरुजी. म्हणून तर गावात पोरं ऱ्हायली न्हाईत."

* * *

दुपारच्या जेवणात ठरावीक दिवशी अंडं असतं. जी खात नाहीत त्यांना केळं. कोण काय खातं ते सुरुवातीलाच विचारून ठेवायचं. सुतार बाई वर्गात विचारत होत्या. एका शाकाहारी घरातला मल्लू बराच वेळ विचार करत उभा राहिला.

"अरे, खातोस की नाही?"

"बाई, शाळंत खातो."

"आणि घरी?"

"घरात मी लिंगायत हाय!"

* * *

आमच्या समितीतले एक अण्णा सीमाप्रश्नात तरुणपणापासून पुढं. मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाले, "काय बी करा, पन ह्या शाळंत मराठी टिकली पायजे!"

गुरुजी म्हणाले, "टिकली आहे की, अण्णा. मराठीत ह्या वर्षी रोशनी पहिली."

रोशनी म्हणजे उत्तर प्रदेशातून आलेल्या रंगकाम करणाऱ्याची मुलगी. आली तेव्हा तिला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, 'पानी' म्हणायची. आता माझ्या मुलीचं शुद्धलेखन तीच तपासते.

अण्णांनी टेबलावरचा हात काढून घेतला. तेवढ्यात शेजारच्या आक्कांनी विचारलं, "अण्णा, तुमचा नातू कुठल्या शाळंत हाय वो?"

"तो व्हय... तो इंग्लिशला हाय." अण्णांनी घसा खाकरला. "पन घोषणा मराठीतच देतोय!"

* * *

मग तालुक्याहून तपासणीचे साहेब आले. माणूस कन्नड, पण मराठी छान बोलायचे. निकाल बघून त्यांना नवल वाटलं. मुलांना मराठीपेक्षा कन्नडमध्ये जास्त मार्क! त्यांनी सातवीतल्या एका मुलीला उभं केलं.

"तुझी भाषा मराठी ना? मग मराठीत कमी का?"

"मराठी येतंय साहेब, म्हणून अभ्यासच करत न्हाय."

साहेब हसले खरे, पण जाताना गुरुजींना म्हणाले, "निकाल ठीक आहे. वरच्या वर्गांत मुलं मात्र कमी आहेत. मी न सांगता पुन्हा येईन आणि बसलेली मुलं मोजीन. त्यावर बाईंचं ठरेल."

* * *

साहेब पुन्हा आले ते नेमके मंगळवारी, आणि त्या दिवशी गावात वार होता.

जत्रेआधी आमच्याकडं काही मंगळवारी वार पाळतात. शेतात जायचं नाही, औत जुंपायचं नाही, सगळं काम बंद. शिक्षक शहरातून येतात, त्यामुळं शाळा तेवढी चालू. पण वाराला मुलं थोडीच येणार? साहेब आल्याचं कळलं तशी मी चप्पल न घालताच शाळेकडं पळाले.

बघते तर अंगण गच्च! निम्मी मुलं टाय लावलेली!

झालं होतं असं. गावातली बरीच मुलं शहरातल्या कॉन्व्हेंटला जातात. त्यांच्या बसचा ड्रायव्हर परशराम आमच्याच गावचा. औत जुंपायचं नाही तर स्टेअरिंग तरी कसं धरायचं, म्हणून त्यानं बसच काढली नव्हती. घरात धिंगाणा नको म्हणून आयांनी आमच्या शाळेच्या पोरांबरोबर ती सगळी पोरंही इथं आणून बसवली होती!

सुतार बाई सगळ्यांना अंगणात घेऊन गेल्या होत्या. काठीची सावली मोजायची, चिंचेची सावली मोजायची, आणि त्यावरून चिंच किती उंच ते काढायचं. टायवाली मुलं गुडघ्यावर बसून, टेप धरून भांडत होती.

साहेबांनी टाय लावलेल्या एका मुलीला विचारलं, "तू ह्या शाळेतली?"

गुरुजी खाली बघायला लागले.

"न्हाय सर. आज आमची बस न्हाय."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "गुरुजी, ही मुलं मी मोजणार नाही. उद्या सकाळी येतो."

सावली पुढं सरकली होती, बाईंनी मुलांना ती पुन्हा मोजायला लावली.

दुसऱ्या दिवशी साहेब वेळेवर आले. आम्ही त्यांच्यासोबत फाटकापाशी पोचलो, तर रस्ता अडलेला. कॉन्व्हेंटची बस आमच्या शाळेसमोर उभी होती, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून परशराम आमच्या अंगणातल्या टायवाल्या मुलांकडं बघत ओरडत होता,

"ए पोरांनो, चला की रं! आज वार न्हाय!"