एवढ्यात येऊ नकोस

माझी आत्या प्रार्थनेला उभी राहिली की देवालाच धारेवर धरायची. दवाखान्याच्या लाँड्रीत तीस वर्षं चादरी धुतलेली बाई. यंत्रांच्या खडखडाटात घसा ताणून बोलायची सवय, तोच आवाज देवापुढे. लवकर ये, प्रभू, किती वाट बघायला लावशील? आम्हा पोरींना हसू यायचं. प्रभू पृथ्वीवर परत येणार, असं आम्ही ख्रिस्ती सगळेच मानतो; तिला मात्र खरंच वाटायचं, तो पुढच्या आठवड्यात येईल.

मी कामाला लागले त्या वर्षी इस्त्रीच्या गरम रुळात तिच्या जोडीदारणीची तीन बोटं गेली. रुळापुढची जाळी मुकादमांनी काढून ठेवली होती, का तर जाळीमुळे चादरी सावकाश सरकतात. हे मुकादम आमच्याच चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे पुढारी. दवाखान्याला त्यांनी लिहून दिलं, बाईचा निष्काळजीपणा. आणि त्या बाईला घरी जाऊन सांगितलं, धीर धरा, प्रभू येईल तेव्हा सगळं नीट होईल. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चार स्क्रूंचं काम यांनी खुशाल प्रभूच्या गळ्यात मारलं!

तिच्या जागी सोमवारपासून मी लागणार होते. जाळी कोपऱ्यात धूळ खात पडलेली. आत्याने दोनदा सांगितलं, मुकादमांनी दोन्ही वेळा कानाडोळा केला.

आमच्यात कोणी प्रार्थना केली की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, म्हणजे हे मागणं माझंही. रविवारी आत्या उभी राहिली.

"प्रभू, येशील तेव्हा आधी लाँड्रीत ये. ती जाळी बघ. ती बसवायला तू कशाला हवास? मुकादमांना हात आहेत. उद्या माझ्या भाचीचे हात त्या रुळापुढे असणार."

सगळे आमेन म्हणाले. मुकादमांनी तेवढं म्हटलं नाही. पाळकांनी गीताचं पुस्तक उघडलं, पण आत्या बसेना. शेवटी मुकादम पुटपुटले, प्रार्थनेत कामाचं कशाला आणायचं. आत्याने मिटलेले डोळे उघडलेच नाहीत.

"मग एवढ्यात येऊ नकोस, प्रभू," ती म्हणाली. "आलास की हे तुझ्या पाया पडून सुटतील. आधी यांना करू दे."

अशा मागण्याला आमेन म्हणावं की नाही, कोणाला कळेना. मागच्या बाकावरून एकटी ती बोटं गेलेली बाई आमेन म्हणाली.

सोमवारी मी गेले तेव्हा जाळी बसलेली होती. निष्काळजीपणाचा तो कागद मात्र मुकादमांनी अजून मागे घेतलेला नाही. आत्या दर रविवारी उभी राहते, प्रभूला आणखी थोडं थांबायला सांगते, आणि सांगताना रडते.