श्रीवर्धनच्या वाटेवरचा संशयित

ताम्हिणीचा घाट उतरून माणगावात आलो तेव्हा ऊन नुकतं कुठे अंगाला लागायला लागलं होतं. सासवडला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. जानेवारीत गिऱ्हाईक जरा कमी असतं, तेव्हा दुकान धाकट्या भावावर सोपवून मी दरवर्षी मोटारसायकलवर एक फेरी मारतो. यंदा रायगडचा किनारा ठरवला होता. श्रीवर्धनच्या अलीकडे एका गावात सुरेखाताई नावाच्या बाई पाहुण्यांना घरी उतरवून घेतात, जेवायला घालतात, असं एका मित्राने सांगितलं होतं. त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं होतं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्या गावाला सध्या अनोळखी माणसांचा पुरेसा ताप झालेला आहे.

म्हसळ्याला चहासाठी थांबलो. तरुणपणी मी याच रस्त्याने आलो होतो आणि एका टपरीवर कॅमेऱ्याची पिशवी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी परत आलो तर ती तिथल्याच खिळ्याला अडकवलेली होती, कुणी उघडूनही पाहिलेली नव्हती. चहावाल्याला मी हे कौतुकाने सांगितलं. तो हसला नाही. ते दिवस गेले, म्हणाला. आता बंद घरं फुटतात, बायकांच्या गळ्यातलं ओढून नेतात, आणि नेणारे मोटारसायकलवरूनच येतात. कप विसळता विसळता त्याने मला एक सल्ला दिला. "गावात पत्ता विचाराल तेव्हा आधी हेल्मेट काढा."

मला ती गंमत वाटली.

पुढचा रस्ता सुरेख आहे. भात कापून झालेल्या खाचरांत वालाचा वेल माजलेला, मधून एखादा आंबा मोहरलेला, आणि एका वळणावर अचानक समोर समुद्र. गावात शिरलो तर दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या (बागा), अंगणाअंगणांत सालासकट वाळत घातलेली सुपारी. बघत बघत चाललो होतो, तरी एक गोष्ट डोळ्यांत खुपलीच. कौलारू घरांच्या पडव्यांना नव्या कोऱ्या लोखंडी जाळ्या बसवल्या होत्या. वाशांखाली कॅमेरे होते. वेशीजवळ पाटी होती की अनोळखी फेरीवाल्यांनी गावात येऊ नये.

एका अंगणात एक म्हातारी बाई सुपारी उलटीपालटी करत बसली होती. मी गाडी तिच्यासमोर थांबवली आणि इंजिन चालू ठेवूनच विचारलं, सुरेखाताईंचं घर कुठे आलं? हेल्मेट डोक्यावर, काच खाली, हातात काळे मोजे. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात गळ्याशी नेले आणि ओरडली. तसं ओरडणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मला वाटलं तिला काही चावलं. मी उतरून पुढे झालो, आणि ते आणखीच चुकलं.

क्षणात माणसं जमली. प्रकाश नावाच्या एका धिप्पाड शेजाऱ्याने गाडीची चावी काढून खिशात घातली. कुणीतरी माझी कॉलर धरली. ओढाताणीत गाडी आडवी झाली, उजवा आरसा फुटला. मला देवळाच्या पायरीवर बसवलं, आधार कार्ड मागितलं, फोटो काढले, आणि माझ्यादेखतच ते गावाच्या व्हॉट्सॲपवर गेले. "काकी, ह्योच का?" प्रकाश त्या बाईला पुन्हा पुन्हा विचारत होता. तिचं बोट माझ्याकडे होतं, पण नजर जमिनीकडे होती. मी सगळं सांगत होतो, पण ऐकायला कुणाला वेळ नव्हता. एका तरुणाने पायातली चप्पल काढून हातात घेतली होती. त्या वेळी मी घाबरलो, हे लिहायला हवं.

माझा फोटो सुरेखाताईंच्या फोनवरही पोचला म्हणून मी सुटलो. त्या वाडीतून धावतच आल्या, फोनवरचे आमचे संदेश सगळ्यांना दाखवले, आणि हा माझा पाहुणा आहे, हात लावाल तर याद राखा, असं इतक्या शांत आवाजात म्हणाल्या की चप्पल पुन्हा पायात गेली आणि गाडीची चावी माझ्या हातात आली.

त्या मला घरी घेऊन गेल्या. दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) आणि तळलेले बोंबील होते. जेवता जेवता सुरेखाताईंनी मागची हकिगत सांगितली. ती बाई म्हणजे यशोदाकाकी, त्यांच्या चुलत सासूबाई. दिवाळीनंतर एका दुपारी दोघे मोटारसायकलवर आले, पत्ता विचारला, आणि काकींच्या गळ्यातली बोरमाळ ओढून पळाले. काकी फरफटत गेल्या, मनगट मोडलं. बोरमाळ त्यांच्या नवऱ्याने मुंबईत गिरणीत असताना पगारातून करून दिलेली. त्याआधी मुंबईकरांची बंद घरं फुटली होती, तांब्याची भांडीकुंडी गेली होती. पूर्वी या गावात दाराला कडी लावायची ती कुत्रा आत येऊ नये म्हणून, आणि आता काकींनी तेव्हापासून अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मोटारसायकलचा आवाज आला की त्या आत पळत. आज पळायला जमलं नाही, म्हणून ओरडल्या.

संध्याकाळी त्या स्वतःच आल्या. पदराखाली झाकून पोह्याचे पापड आणले होते. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक झाली माझी. तुमचं तोंडच मी बघितलं न्हाय. नुस्तं ते काळं डोकं बघितलं." मी म्हटलं, जाऊ द्या काकी. त्या म्हणाल्या, "जाऊ कसं देऊ? तुम्हाला मारलं असतं." माझा राग तिथेच गेला.

सकाळी मी समुद्रावर जाऊन आलो तर घरात गडबड होती. पोलिसांचा फोन आला होता. नाक्यावर एक माणूस काळ्या मोटारसायकलवर सापडला होता, गाडीचे कागद नव्हते. काकींनी येऊन त्याला पाहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकाशने लगेच रिक्षा बोलावली. काकी जुनं हिरवं लुगडं बदलून बाहेर आल्या, रिक्षाकडे पाहिलं आणि मला विचारलं, तुमच्या गाडीवर मागं बसायला जागा हाय का? सुरेखाताई त्यांना समजावू लागल्या. काकींचं म्हणणं एकच होतं, की त्या आवाजाला किती दिवस घाबरून राहायचं, एकदा त्याच्यावर बसूनच बघते.

मी इतकी सावकाश गाडी कधी चालवली नसेल. सुरुवातीला त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. रस्ता समुद्राच्या कडेला आला तशी पकड सैल झाली. एका ठिकाणी त्यांनी थांबायला सांगितलं. भरती होती, वाळूवर होड्या ओढून ठेवल्या होत्या, लाटांचा फेस सुरूच्या झाडांपर्यंत येत होता. काकी पाहत राहिल्या. घरापासून समुद्र एवढा जवळ, आणि दिवाळीपासून त्यांनी तो पाहिला नव्हता. मग म्हणाल्या, चला.

पोलीस ठाण्याच्या आवारात प्रकाश आणि गावातली आणखी माणसं आधीच पोचली होती. आतल्या अधिकाऱ्याने काकींना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की घाई नाही, ओळख पटली तरच हो म्हणा. बाकावर एक पोरगेलासा माणूस बसला होता. अंगावर सिमेंटचे डाग, ओठ कोरडे पडलेले. तो लातूरकडचा होता, दिवेआगरच्या एका हॉटेलात फरशी बसवण्याच्या कामाला आला होता. गाडी मुकादमाची आहे, असं तो सांगत होता, पण मुकादम फोन उचलत नव्हता.

प्रकाश काकींच्या कानाशी वाकला. "काकी, ह्योच हाय. गाडी पण काळीच हाय. व्हय म्हणून टाका, गाव सुटंल एकदाचं." दारात उभ्या माणसांच्या चेहऱ्यांवर तेच होतं. कुणी वाईट नव्हतं. ती थकलेली माणसं होती, पाळ्या लावून गाव राखणारी. त्यांना कुणीतरी सापडायला हवा होता.

काकी खुर्चीवरून उठल्या आणि त्या माणसाच्या अगदी जवळ गेल्या. त्याने मान खाली घातली. "वर बघ," त्या म्हणाल्या. त्याने पाहिलं. मग त्यांनी त्याला सांगितलं, मला पत्ता विचार. त्याला काही कळेना. अधिकाऱ्याने खूण केली तेव्हा तो कसाबसा म्हणाला, "आज्जी, सरपंचाचं घर कुटं हाय?" काकींनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा विचारायला लावलं, पुन्हा ऐकलं. मी तिथे उभा राहून त्या माणसाच्या जागी स्वतःला पाहत होतो. देवळाच्या पायरीवर माझ्या ओळखीचं निदान एक माणूस गावात होतं. याचं इथे कुणी नव्हतं.

"ह्यो न्हाय," काकी म्हणाल्या.

प्रकाशने त्यांना नीट बघायला सांगितलं. त्या त्याच्याकडे वळल्या. "काल मी न बघता बोट दाखवलं, परकाश. आज बघितलंय. माझी माळ गेली म्हणून ह्याच्या आयशीचा पोरगा कशाला अडकवू?"

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि त्या दुपारचं सगळं सांगू लागल्या. चोर हिंदी मिसळून बोलत होता, आवाज घोगरा होता, आणि काच वर करून बोलताना त्याच्या भुवईतून गेलेला जुना व्रण दिसला होता. तक्रार दिली तेव्हा त्या हातातल्या कळांनी अर्धवट शुद्धीत होत्या, त्यामुळे हे राहून गेलं होतं. अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं. मुकादमाचा फोन लागला, तो कागद घेऊन आला, आणि दुपारपर्यंत तो लातूरकर सुटला. जाताना तो काकींच्या पाया पडला. त्या त्याला म्हणाल्या, आधी जेव कुठं तरी.

परतताना काकींनी बाजारात गाडी थांबवायला लावली. ओल्या मासळीचा वास, सुपारीच्या पोत्यांची चढउतार, ओळखीच्या बायकांची विचारपूस, यात त्या चांगल्याच रमल्या. मी बांगडे निवडणाऱ्या काकींची पिशवी धरून उभा होतो. तेवढ्यात प्रकाश मागून आला आणि चावी मागून माझी गाडी घेऊन गेला. थोड्या वेळाने ती परत आणून लावली, तर उजवीकडे नवा आरसा होता. चावी माझ्या हातात ठेवून तो निघून गेला.

त्या संध्याकाळी सुरेखाताईंच्या शेतावर पोपटी लावली (वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करून मडकं उलटं जाळात भाजतात). काकी बांधावर सगळ्यांमध्ये बसल्या होत्या. अनोळखी माणूस गावात आला तर काय करायचं, यावर बोलणं निघालं. प्रकाशचं म्हणणं होतं की अडवायला तर हवंच. काकी म्हणाल्या, अडवा की, पण आधी पाणी द्या आणि नाव विचारा. चोर पाणी प्यायला थांबत न्हाय. त्यावर प्रकाशही हसला. शेंगा गरम होत्या, बोटं भाजत होती, तरी मडकं रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. वाकणवरून पालीला वळून बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं, खोपोलीला वडापाव खाल्ला आणि संध्याकाळी घरी पोचलो. भावाने कॉलरला पडलेली उसवण पाहिली आणि विचारलं, कुणाशी भांडून आलास?

काही दिवसांनी सुरेखाताईंचा फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यात दोघे पकडले गेले होते, एकाच्या भुवईत व्रण होता. बोरमाळ गेली ती गेलीच, वितळवून विकली होती. पण काकींना ओळखीसाठी पुन्हा बोलावलं, तेव्हा त्या सकाळच्या एसटीने एकट्याच गेल्या, त्या माणसासमोर उभ्या राहिल्या, आणि त्याच्या तोंडचं पहिलंच वाक्य ऐकून म्हणाल्या, "ह्यो व्हय."

कोकण आता पूर्वीचं राहिलं नाही, तिकडे जावं का, असं दुकानात बरेच जण विचारतात. चोऱ्या होतात, हे मी लपवत नाही. घराघरांवर बसलेल्या जाळ्याही मी पाहिल्या आहेत. पण सगळं गाव होकाराची वाट बघत असताना एक बाई नीट पाहून नाही म्हणाली, आणि त्या गावाने ते ऐकून घेतलं, हेही मी पाहिलं आहे. जिथे एवढं शिल्लक आहे तिथे मला भीती वाटत नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाणार आहे. या खेपेला आईला घेऊन.