अर्धं मानधन

कोल्हापुरात मुलींचा फुटबॉल सामना संपला, तेव्हा पंच सुनीताताई मैदानाच्या कडेच्या नळाखाली खरचटलेला गुडघा धूत होत्या. आयोजकांनी मानधनाचं पाकीट दिलं. त्यांनी ते तिथंच उघडून पाहिलं.

“पुरुषांच्या सामन्याला याच्या दुप्पट देता ना?”

“ताई, बायकांची मॅच बघायला येतंय कोण?”

त्यांनी पाकीट दुमडून खिशात घातलं. भांडलं तर पुढचं बोलावणं येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी त्यांच्याच सामन्यांत झेंडा घेऊन रेषेवर धावते. प्रेक्षक कमी म्हणून मैदान काही आखूड होत नाही, आणि शिव्याही अर्ध्या मिळत नाहीत.

तेवढ्यात गोलकीपर पोरगी धावत आली. “ताई, मलाही पंच व्हायचंय. काय करू?”

ताईंनी ओला पाय पुसला.

“आधी नोकरी शोध,” त्या म्हणाल्या.