तीन कोपऱ्यांचं इंजिन

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझे सासरे गिरणीतून निवृत्त झाले आणि महिन्याभरातच आमच्या दारात एक बंद पडलेली जपानी मोटार आली. दवाखान्यातल्या चार माणसांनी ती ढकलत आणली होती. मागून डॉक्टरीणबाई पदराने घाम पुसत चालत आल्या.

डॉक्टरीणबाईंचा बाळंतपणाचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हातची. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनिअर होते. कायमचे घरी परतताना त्यांनी ही गाडी सोबत आणली, दोन-तीन वर्षं हौसेने चालवली आणि मग थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन ते गेले. त्यांच्यामागे बाई स्वतः गाडी चालवायला शिकल्या, पण वर्षभरात गाडी रुसली. दोन गॅरेजवाल्यांनी इंजिन संपलं असं सांगितलं. एकाने तर हे काढून दुसरं साधं इंजिन बसवू म्हटलं. बाईंच्या मनाला ते पटेना.

"मला मोटारीतलं काय कळतंय, बाई?" सासरे म्हणाले. "मी सूत काढायच्या खात्यातला फिटर."

"म्हणूनच तुमच्याकडे आणली, मामा. ह्यांचं म्हणणं असायचं की या इंजिनात वरखाली काही हलत नाही, सगळं फिरतं. तुमचं आयुष्य फिरणाऱ्या चात्यांमध्ये गेलं."

मामांनी गाडीला एक फेरी मारली. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात, आणि गल्लीनेही तेच नाव उचललं होतं. बॉनेट उघडून ते बराच वेळ आत बघत राहिले. इंजिन एवढंसं, पाण्याच्या घागरीएवढं.

"फिरतंय म्हणता? मग बघू की," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत ते कशातच नव्हते. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. गिरणीचा भोंगा झाला की अजूनही पहाटे उठून बसायचे आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून भिंतीला टेकायचे. माझे यजमान बँकेत, मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला, मुलं शाळेत. घरात दिवसभर मामा आणि घड्याळ.

गाडीच्या खणात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, दुरुस्तीचं. मामांचं शिक्षण अक्कलकोटकडच्या कन्नड शाळेत चौथीपर्यंत. संध्याकाळी मी शाळेतून आले तर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले.

"सूनबाई, हे वाचून सांगशील?"

लग्नाला आठ वर्षं झाली होती. "जेवायला वाढू का" आणि "चहा झालाय" यापलीकडे मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून, हळू आवाजात वाचायला लागले.

"मोठ्यानं," ते म्हणाले. "मिलनं कान खाल्ले माजे."

मी आवाज चढवला. त्यांनी आणखी चढवायला सांगितला. शेवटी मी वर्गात ओरडते तसं ओरडून कार्बोरेटर, पॉइंट, प्लग असं वाचत आणि मराठीत समजावून सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या अक्का काळजीने विचारायला आल्या. त्यांच्याकडे हातमाग होते, बोलणं तेलुगू वळणाचं. "म्हाताऱ्याला एवढं कशाला रागावते गं? काय केलं त्यांनी?"

इंजिनाचं चित्र मात्र ओरडून समजेना. शेवटी मी एक जुनं पोस्टकार्ड घेतलं आणि फुगीर बाजूंचा त्रिकोण कापला. पाटीवर भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखी आकृती काढली, मधे कमरेत जरा आवळलेली. त्या शेंगेत त्रिकोण ठेवून हळूहळू फिरवून दाखवला. तिन्ही कोपरे सतत भिंतीला टेकलेले, आणि प्रत्येक बाजूला एक पोकळी, जी कधी मोठी होते तर कधी लहान. मोठी झाली की पेट्रोलची हवा आत ओढायची, लहान झाली की दाबायची, मग ठिणगी.

मामांनी पाटी माझ्या हातातून घेतली. कितीतरी वेळ त्रिकोण फिरवत राहिले.

"कोपरा भिंत सोडत न्हाय," ते पुटपुटले. "अगं, लई डोकं लावलंय की ह्यानं." आणि हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं रोज गाडीशी. पहिला उलगडा तेलाचा झाला. गॅरेजवाले म्हणत होते, गाडी तेल पिते म्हणजे इंजिन गेलं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की या इंजिनाला तेल प्यायलाच हवं. त्रिकोणाच्या कोपऱ्यांना आणि बाजूंना पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या भिंतीवर घासू नयेत म्हणून एक छोटा पंप थेंब थेंब तेल आत सोडतो. मी हे वाचलं तसे मामा खूश झाले. "बिचारी तहानलेली, आन् हे म्हणत्यात आजारी!"

दुसरा उलगडा प्लगांचा. आत असे दोन त्रिकोण होते, एकामागे एक. प्रत्येकाच्या घराला दोन प्लग, एक वर, एक खाली, आणि ठिणगीची वेळ वेगवेगळी. कुणीतरी वायरी उलटसुलट लावल्या होत्या. मामांनी त्या बदलल्या, पॉइंट घासून अंतर नीट केलं आणि गाडी सुरू झाली. पण लंगडत. थरथरायची, खोकायची आणि बंद पडायची.

"कान लाव," मामा म्हणाले. त्यांनी पुढच्या घराचा प्लग काढला आणि मला त्या भोकाशी बसवून स्टार्टर फिरवला. आतून हवेचे फुसकारे आले. फस्, फस्, मग काहीच नाही. परत फस्, फस्, मग काहीच नाही.

"तिसरा येत नाही!" मी ओरडले.

त्यांना ते फुसकारे ऐकूच आले नव्हते. मला स्टार्टरवर बसवून त्यांनी आपला कान भोकाशी नेला, डोळे मिटले आणि मान हलवली. "तुलाच ऐकाया येतंय. मागचं घर बघ." मागच्या घरात तिन्ही फुसकारे सारखे होते. म्हणजे पुढच्या त्रिकोणाच्या एका बाजूची पट्टी काजळीत अडकून बसली होती. इंजिन उघडायचं तर आतलं सामान मिळणार कुठून? मामांनी गिरणीतली युक्ती केली. रॉकेल आणि तेल एकत्र करून प्लगच्या भोकातून ओतलं आणि रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ पान्याने इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत राहिले. पाच दिवस.

सहाव्या दिवशी गाडी सुरू केली. पहिली दोन मिनिटं नळीतून असा पांढराकाळा धूर निघाला की समोरचं घर दिसेना. गल्लीतली माणसं बाहेर आली. कुणीतरी पाण्याची बादली घेऊन धावलं. आणि धुरातून अक्कांचा आवाज आला. त्यांनी अंगणात नुकतंच धुतलेलं पांढरं सूत वाळत घातलं होतं. त्यावर काजळीचे ठिपके पडले होते.

अक्का तेलुगूत काय बोलल्या ते कळलं नाही, पण समजायचं ते समजलं. मामा हात जोडून उभे राहिले. मग मी आणि मामा दोघांनी मिळून ते सगळं सूत पुन्हा धुतलं. सासरे सुनेच्या शेजारी बसून सूत पिळताहेत हे बघायला अर्धी गल्ली जमली. अक्का दारात उभ्या राहून "तिकडे राहिलं, तिकडे" असं सांगत होत्या आणि हळूहळू त्याही हसायला लागल्या.

धूर संपल्यावर मात्र गाडी शिवणयंत्रासारखी चालली. डॉक्टरीणबाई आल्या, गाडीत बसल्या, आणि होटगी रस्त्याला जाऊन परत आल्या. उतरल्यावर मामांच्या पाया पडायला वाकल्या. मामा गडबडून मागे सरकले. "तडी, तडी, थांबा बाई! तुमी डॉक्टर, माज्या पाया कसल्या पडताय?"

त्यानंतर गाडीची देखभाल आमच्याकडेच आली. मामांनी दवाखान्यातल्या सगळ्यांना एक ताकीद दिली होती. गार इंजिन सुरू करून गाडी चार हात सरकवायची आणि लगेच बंद करायची, असं कधी करायचं नाही. तसं केलं की आत पेट्रोल साचतं, भिंतीवरचं तेल धुऊन जातं आणि मग काही केल्या सुरू होत नाही.

पुढल्या वर्षी श्रावणात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, उठायचं नाही. अशात एका सकाळी दवाखान्यातली आया धापा टाकत आली. अक्कलकोटच्या पुढे दुधनीला एक बाई अडली होती. बाळाचा पाय आधी आला होता आणि तिला हलवण्यासारखी स्थिती नव्हती. डॉक्टरीणबाईंना निघायचं होतं आणि गाडी सुरू होत नव्हती. धुवायला सोयीचं पडावं म्हणून शिपायाने ती सकाळी चार हात पुढे घेऊन बंद केली होती.

मामा अंथरुणावर उठून बसले. मी त्यांना धरलं.

"तू जा," ते म्हणाले.

"मी एकटी? मामा, मी कधी..."

"मी काय करतो ते वर्षभर बघतीस की. हात तुजे, डोकं बी तुजंच. जा."

मी पान्यांची पिशवी घेऊन धावले. दवाखान्याच्या दारात बाळंतिणींचे नातेवाईक उभे होते. मी पदर कमरेला खोचला आणि बॉनेट उघडलं. चारही प्लग काढले, चारही ओले. पेट्रोलचा पंप बंद केला आणि बाईंना स्टार्टर फिरवायला सांगितलं. भोकांतून पेट्रोलचे फवारे उडाले. माझी साडी भिजली. कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाचं काम आहे का हे?" डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाईमाणसाचंच काम चाललंय तिकडे दुधनीत. बाजूला व्हा."

प्लग पुसून उन्हात ठेवले. प्रत्येक घरात चमचाभर तेल सोडलं. घाईत एक प्लग दोनदा तिरका बसला. तो परत काढला, श्वास घेतला आणि बोटांनीच सरळ फिरवत नेला. पंप चालू केला. "पाय दाबून धरा आणि फिरवा!" मी मामांशी बोलते तेवढ्या मोठ्याने ओरडले.

गाडी दोनदा खोकली. तिसऱ्यांदा धुराचा लोट सोडून सुरू झाली.

"तूही बस," बाई म्हणाल्या. "वाटेत बंद पडली तर?"

मी तशीच, पेट्रोलच्या वासासकट, बसले. दुधनीपर्यंत मी फक्त इंजिन ऐकत होते. तिथे एका अडतीच्या दुकानामागच्या घरात बाई शिरल्या आणि मी अंगणात गाडीशी उभी राहिले. घरातल्या आजी कन्नडमध्ये देवाचं नाव घेत आत-बाहेर करत होत्या. तासाभराने रडण्याचा आवाज आला. मुलगी होती. आईही वाचली. आजींनी माझ्या काळ्या हातांवर गुळाचा खडा ठेवला.

घरी आल्यावर मामांना सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी फक्त एकच विचारलं. "तेल किती घातलंस?"

"चमचा-चमचा."

"बराबर," ते म्हणाले आणि पट्टीखाली डोळा पुसायला हात नेला. मी तो धरला, कारण डॉक्टरांनी हात लावायला मनाई केली होती.

गाडी आणखी तीन वर्षं चालली. मग पट्ट्याच झिजल्या. मामांनी विजेच्या मोटरमधल्या कार्बनच्या तुकड्यांमधून नव्या पट्ट्या घासून बसवल्या, त्या नाक्यापर्यंत टिकल्या आणि तुटल्या. आम्ही दोघं गाडी ढकलत परत आलो आणि वाटेत थांबून उसाचा रस प्यायलो. शेवटी पुण्याचा एक हौशी माणूस ती ट्रकवर चढवून घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी साधी देशी गाडी घेतली आणि ती दाखवायला आमच्याकडे आल्या. मामांनी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि हळूच लावून टाकलं.

"ह्यात काय, सगळं वरखालीच," ते म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर अंघोळ करून, पान्यांची पिशवी घेऊन ते दवाखान्याकडे गेले, ते जेवायच्या वेळेलाच परत आले.