रोबीनाच्या आईची उपकारस्तुती

बँकॉकच्या त्या इमारतीत पाकिस्तानातून आलेली, व्हिसा संपलेली ख्रिस्ती कुटुंबे चपला दाराबाहेर ठेवत नसत. खोलीत माणसे आहेत हे पोलिसांना कळू नये, एवढाच हेतू. रोबीनाला मात्र पोलिसांपेक्षा नवऱ्याचे भय अधिक होते.

सियालकोटजवळच्या वीटभट्टीवर युनूस तिला मारी, ते तिने वर्षानुवर्षे सोसले. पुढे त्याने भट्टीमालकाचा धर्म स्वीकारला आणि बापाचा धर्म तोच मुलीचा, असे म्हणत बारा वर्षांच्या किंजाचा निकाह मालकाच्या मेहुण्याशी ठरवला. तेव्हा मुलीला घेऊन ती निघाली. आश्रयाच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नव्हता. ती कुठे आहे हे दोघींनाच ठाऊक होते: तिच्या आईला, आणि जिच्या खोलीत ती राहत होती त्या नैलाला; तिला ती बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणे.

रविवारी संध्याकाळी फोनवर युनूसचा निरोप आला. "बँकॉकात उकाडा फार म्हणे. किंजाला जप. मी येतोच."

रोबीनाने कडी लावली आणि कांदा चिरणाऱ्या नैलाकडे वळून पाहिले.

"बाजी, काल गॅलरीत कुणाशी बोलत होतीस?"

"बहिणीशी."

"मग इतक्या हळू आवाजात?"

"भिंतींना कान असतात, हे तूच शिकवलंस ना!"

"बहीण असते कुठे?"

"फैसलाबादला. का गं?"

"मागे लाहोर म्हणाली होतीस."

नैलाने सुरी खाली ठेवली. "लग्नाआधी होती लाहोरला. विचार, आणखी विचार. आश्रयाच्या कचेरीतल्या साहेबाने तुला असंच खोदून विचारलं, तेव्हा रडत आली होतीस. आता त्याची खुर्ची तेवढी आणायची राहिली!"

"त्याला कळलंय, बाजी. तुझ्याशिवाय सांगणार कोण?"

नैलाने सुरी उचलली आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला. रोबीनाला तेही संशयास्पद वाटले. नैलाचा फोन आला तर तिला काही सांगू नकोस, हे बजावण्यासाठी तिने आईला फोन लावला. आई मात्र आनंदात होती.

"आज चर्चमध्ये तुझी उपकारस्तुती केली, पोरी! नवस होता माझा. तू सुखरूप पोचलीस की सगळ्यांसमोर उभी राहून साक्ष देईन. गोड भातही वाटला."

"काय बोललीस साक्षीत?"

"सगळं. देवानं लेकीला बँकॉकला नेलं, नैला नावाच्या भल्या बाईकडे आसरा दिला. अर्ध्या उपकाराची स्तुती करतात का कुठे?"

"आणि युनूसचा भाऊ? तो अजून चर्चला येतो ना?"

"होता की मागच्या बाकावर. बिचारा रडत होता गं."

फोनचा आवाज मोठा होता. नैलाने सारे ऐकले.

"म्हणजे माझंही नाव त्याच्यापर्यंत गेलं," ती म्हणाली.

"बाजी, मी तुला..."

"माफी मागायला पुढे वेळ मिळेल. आधी निघ. इथल्या कुठल्याही पाकिस्तान्याला माझं नाव विचारलं, तरी तो त्याला दारापर्यंत आणून सोडेल."

किंजाचे कपडे पिशवीत भरता भरता नैलाने विचारले, "जाशील कुठे?"

रोबीनाच्या मनात एक जागा होती. ती ओठांवरही आली होती.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली.

ते खोटे आहे हे नैलाला कळले. तिने पिशवीची गाठ आवळली.

"आईलाही असंच सांग," ती म्हणाली.