दोन तासांचं विमान

आबा गेले त्या सकाळी मी दिल्लीत होते. सातला आईचा फोन आला. आमच्या वाडीत रेंज नाही, म्हणून ती टेकाडावर चढून आली होती. तिला धाप लागली होती.

"तुजं आबा गेलं," ती म्हणाली.

"मी निघते. मी येईपर्यंत नेऊ देऊ नकोस."

"न्हाई देत."

मी त्यांची एकुलती एक. दिल्लीत नोकरी लागली तेव्हा आबांना लांब वाटू नये म्हणून मी सांगितलं होतं, हजार-बाराशे किलोमीटर असलं तरी विमानाने दोनच तास. शेळ्या चारताना भेटेल त्याला ते सांगायचे, "पोरगी दोन तासांवर हाय." साऱ्या वाडीला ते पाठ झालं होतं.

साडेनऊचं विमान मिळालं. पुण्यात उतरले तेव्हा पावणेबारा झाले होते. पुढे शहरातली गर्दी, कात्रज, नसरापूर, मग वेल्ह्याचा वळणांचा रस्ता. डांबर संपलं तिथे टॅक्सीवाल्याने गाडी थांबवली. उरलेली चढण तासभर पायी चढले. चार वाजता पोचले तर अंगणात माणसं अंघोळी करून बसली होती. आबांना साडेअकरालाच अग्नी दिला होता.

काका पुढे आले. "दोन तासांचं इमान म्हनत व्हतीस. आमी चार तास वाट बगितली."

"काका, इथून नसरापूरला जायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

"खाली चालत, मंग एसटी. दोन-अडीच तास."

"मग दिल्लीहून वाडीत चार तासांत कोण येईल?"

ते मग म्हणाले, "अगं, अग्नी माज्या पोरानंच द्यायचा व्हता. पोरीसाठी मढं किती येळ ठिवायचं?"

आई दारातून म्हणाली, "म्या तुज्या काकांच्या पाया पडले."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. दोन तास हे आयतं निमित्त सापडलं होतं आणि ते मीच त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांच्याइतकाच मला माझाही संताप आला.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला पुरुष निघाले. मीही निघाले. काका म्हणाले, "बायामानसं येत न्हाईत तितं."

"मी येणार."

त्यांनी वाट अडवली. तेवढ्यात आई मागून आली आणि त्यांच्या शेजारून पुढे निघून गेली. मी तिच्या मागे गेले. राख अजून कोमट होती. मी वेचत राहिले, काका लांब बांधावर उभे राहिले.

त्याला वर्ष होऊन गेलं. वाटेत भेटले की काका विचारतात, "कवा आलीस?" मी उत्तर देत नाही. आई म्हणते, "सोड आता. मला हितंच ऱ्हायचंय." तिचं खरं आहे. तरी माझ्या तोंडून शब्द निघत नाही.