बांधायला न आलेले प्रबंध

आमच्या बडोद्यात मेडिकल कॉलेजजवळच्या गल्लीत प्रबंध बांधून देणारे ते गृहस्थ मला एकदाच भेटले. नाव विचारायचं राहूनच गेलं. आईच्या गुडघ्यांसाठी मैत्रिणीने सुचवलेल्या नव्या औषधावरचा शोधनिबंध मी त्यांच्या दुकानात झेरॉक्स करायला नेला होता. तो डॉक्टरांपुढे ठेवून "हेच द्या" म्हणायचं, असं ठरवूनच निघाले होते.

ते एका काळ्या पुठ्ठ्याला खळ लावत होते. हात फडक्याला स्वच्छ पुसून त्यांनी माझे कागद घेतले आणि थेट शेवटचं पान वाचायला लागले.

"आधी शेवट वाचता?"

"पानं पूरी आहेत का बघावं लागतं ने, बेन. जुनी खोड." मग मान तिरकी करून म्हणाले, "एक विचारू? इतके प्रबंध बांधले, शेवटच्या पानावर सगळ्यांचं औषध लागूच पडलेलं असतं. ज्यांचं नाही पडलं, ते बांधायला कुठे जातात?"

आवाजात टोमणा अजिबात नव्हता. समोरच्या दुकानात जात असतील तर निदान कळावं, इतकं साधं कुतूहल होतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मी नेलेला शोधनिबंध वरवर चाळला आणि औषध लिहायला पेन उचललं. ठरवलेलं वाक्य माझ्या तोंडून निघेचना.

"डॉक्टर, ज्या अभ्यासांत हे औषध लागू पडलं नाही, ते कुठे वाचायला मिळतील?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.